दहा रुपयांची मूठ

सोंगणीच्या आधीच्या आठवड्यात
माझ्या सायकलच्या दुकानात सायकली येत नाहीत.
विळे येतात.
कुणी पोत्यात गुंडाळून आणतं, कुणी पदराआड,
बेलसऱ्यांचा पोरगा तर मोटरसायकलच्या हँडलला टांगून.
मग मी बाकड्याखालचं पिंप उघडतो,
जिथं पंधरा वर्षांच्या फुटक्या ट्यूबा
वेटोळी घालून निजलेल्या असतात.

काम सोपं आहे. सांगतो.
ट्यूब वीतभर कापायची, व्हॉल्व्हची जागा टाळून.
साबणाच्या पाण्यात बुडवायची
आणि पायमोजा चढवावा तशी
सरकवत न्यायची शेंबीपर्यंत.
पाणी वाळलं की सुटत नाही. ओढून पाहा.
मूठच आतून हलत असेल तर मात्र आधी लाख,
तापवलेलं शेपूट, धूर,
आणि एखादी शिवी.

पहिल्या वर्षी मी लाकूड तासायचो,
गुळगुळीत करून द्यायचो.
डोमाजी भोयर दुसऱ्याच दिवशी परत आला,
कुऱ्हाड पुढ्यात टाकली अन् म्हणाला,
"लेका, माह्या आंगठ्याची जागा कुठी गेली?"

तेव्हापासून आधी मूठ हातात धरून बसतो.
कुठं खळगा, कुठं उंचवटा,
बाभळीत उतरलेली कुणाची करंगळी.
एकदा एक खुरपं धरलं अन् कळलं,
ही बाई डावखुरी आहे, आणि रागीट.
संध्याकाळी ती घ्यायला आली.
दोन्ही खरं निघालं.

पंचफुला नेवारेचं काम अवघड होतं.
मळणीयंत्रानं तिची दोन बोटं नेली, परवाच्या साली.
उरलेल्या तिनात विळा गरकन फिरतो.
मी ट्यूबच्या आत सुती चिंधी गुंडाळून दिली.
दुकानामागं जाऊन तिनं हराळीचा झुपका कापला.
"अजून जाड."
पुन्हा गुंडाळली.
"अजून."
तिसऱ्यांदा मूठ एवढी झाली
की माझ्या पाच बोटांत मावेना.
तिच्या तिनात बसली.
झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
मी दहा रुपये घेतो.
तिनं पंधरा ठेवले. "पाच चिंधीचे," म्हणाली
आणि गेली, विळा खांद्यावर टाकून,
जशी काही बाजारातून कोरा घेऊन निघाली.

माझी पक्कड मात्र नागडी होती.
एकोणीस वर्षं नुसतं लोखंड,
पौषात चावणारं, वैशाखात भाजणारं.
तळहाताचा घट्टा हीच तिची मूठ,
असं मी कुणी विचारलं तर सांगायचो.
कुणी विचारलं नाही.

परवा जेवून आलो तर
आचल कुमरे, नववीतली,
जी शाळा सुटल्यावर पंक्चर शिकायला येते,
तिनं आपल्या शाळेच्या सायकलचे जांभळे ग्रिप
पक्कडीच्या दोन्ही पायांवर चढवले होते.
आत चिंधी भरून. बघून शिकली असणार.
एकाला प्लॅस्टिकची झालर, तशीच.
"अन् तुह्या सायकलले?"
"तिले तुमी काळी ट्यूब लावून द्या ना."

चार दिवस पक्कड उचलली की वाटायचं,
चुकून दुसऱ्याच्या पंगतीत बसलो.
नट आवळताना झालर नाचायची,
गिऱ्हाईक तोंडावर रुमाल धरायचं.
पाचव्या दिवशी लाइट गेली.
अर्धा टायर रिमवर, अर्धा बाहेर,
अंधारात बाकड्यावर हात फिरवला
आणि पाना, हातोडी, पंप यांच्या गर्दीत
पहिल्यांदाच ती पहिल्या झटक्यात सापडली.

आता सोंगणी उरकली.
विळे घरोघरी छपरात खोचलेत.
जांभळ्या ग्रिपवर अंगठ्याखाली
काळा डाग पडलाय ग्रीसचा, चिंचोक्याएवढा.
साबणानं निघेल.
राहू दिलाय.